सासरेबोवांच्या यंत्रातील खरखरीवर केलेल्या स्वारीची हकीकत

कानांचे रक्षण करणारी जी कोणी देवता असेल तीस प्रथम नमन. आणि तिने या प्रकरणी वेळेवर धाव घेतली नाही याबद्दल तिजवर रोष नाही, हेही आरंभीच नमूद. पुढे हकीकत ऐसीजे की, बाजाराच्या कोपऱ्यावर, शिंप्याच्या दुकानास लागोन, रेडिओ, स्पीकर आणि तत्सम बोलकी यंत्रे दुरुस्त करणारे एक सरदार राज्य करीत होते. राज्य म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि बरण्यांत भरलेले स्क्रू. लोक त्यांस कानसेन म्हणत. रस्त्यापलीकडे एखादा स्पीकर वाजला तरी त्याचा पडदा कोणत्या अंगास फाटला आहे हे कानसेन बसल्या जागी सांगत, आणि कोणी विचारले नसले तरी सांगत. ऐसा दरारा. ऐशा पुरुषाची फजिती कैसी जाहली आणि तीतून फत्ते कैसी निघाली, ते लिहितो. हसणाऱ्याने हसावे, परंतु तोंडावर नको.

त्या काळी दुनियेवर चौघांचा अंमल होता. चौघे म्हणजे चार केसाळ थोर रॉकवाले: एक गळा फाडणारा, दोन गिटारबहाद्दर आणि एक ड्रमवर तुटून पडणारा. त्यांची कीर्ती सात समुद्र ओलांडोन गेली, आणि जाणत्यांनी त्यांजवर जाडजूड ग्रंथ लिहिले, आणि त्यांचे नाव निघाले की चांगली शहाणीसुरती माणसे डोळे मिटोन मान हलवू लागत. कानसेनांस मात्र ते कधी रुचले नाहीत. प्रयत्न थोडे केले नाहीत. भांडी घासताना ऐकले, तापात निजून ऐकले, हेडफोन लावून ऐकले, शब्दांचे अर्थ विचारून घेऊन ऐकले. फळ एकच: गाढवापुढे वाचली गीता. यात गीता कोण हे दुनियेने आधीच ठरविले होते, तेव्हा उरलेली जागा कानसेनांनी मुकाट पत्करली.

न आवडले तर न आवडो, कानांवर कोणाची जबरी आहे, ऐसे कोणी म्हणेल. परंतु जबरी होती. श्रीमंत सासरेबोवा, नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त, हे चौघांचे निस्सीम भक्त. पेशजी कानसेन त्यांच्या मुलीस मागणी घालावयास गेले, ते समयी श्रीमंतांनी कमाई विचारली नाही, कुळ विचारले नाही, एवढेच विचारले की, "चौघांचं काय काय ऐकलंय?" आणि कानसेन प्रेमात आंधळे, ते बोलून गेले, "सगळंच!" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मुलगी मिळाली, आणि तिजबरोबर दर रविवारी दुपारची हुजुरातीची चाकरीही गळ्यात पडली. जेवणे उरकली की दरबार भरे: श्रीमंत आरामखुर्चीत, दाताचे डॉक्टर आणि गणिताचे मास्तर हे दोन जुने दोस्त कोचावर, आणि कानसेन खिडकीजवळच्या ताठ लाकडी खुर्चीत, कारण दुसरी जागा नसे. मग रेकॉर्ड लागे, आणि कानसेन मनातल्या मनात दुकानातला एखादा रेडिओ उघडून बसत, आणि रेकॉर्डची एक बाजू संपेतो त्याची दुरुस्ती उरकत. मान कोठे हलवावी हे मास्तरांकडे पाहून ठरे, म्हणोन ती नेहमी किंचित मागाहून हले. धनीण, म्हणजे श्रीमंतांची कन्या आणि कानसेनांची बायको, ती वारंवार म्हणे, "अरे, सरळ सांगून टाक की बाबांना." त्यावर ठरलेले उत्तर की, "आता? इतक्या वर्षांनी? वेड लागलंय का!" झाकली मूठ सव्वा लाखाची.

ऐसे चालले असता एके दिवशी श्रीमंतांचे रेकॉर्ड वाजविण्याचे यंत्र डाव्या अंगाने मुके जाहले. हे यंत्र सामान्य नव्हे. ते श्रीमंतांनी आणि कन्येच्या लग्नाआधीच कैलासवासी जाहलेल्या सासूबाईंनी मिळोन, दुकानामागून दुकान पालथे घालोन आणिले होते. आणि सासूबाई गेल्यापासून श्रीमंत त्यावर फडकाही स्वतःच मारीत. जावयास तर हात लावू देण्याची बातच नको. "हुशार आहेत जावईबापू, पण त्यांच्या बोटांना कायम डिंक असतो," हा अभिप्राय कधीकाळी कानसेनांचे कानी आला होता आणि काळजात रुतून बसला होता. तेच श्रीमंत आता आपल्या पायांनी दुकानी आले, यंत्र लेकरासारखे चादरीत गुंडाळोन, वर परीक्षेस्तव चौघांची एक रेकॉर्ड घेऊन, आणि आज्ञा जाहली की, "रविवारपर्यंत होईल ना? सगळे जमणार आहेत. सांभाळून हं. तिनं पसंत केलेलं आहे." एवढे बोलोन श्रीमंत रस्त्याकडे पाहू लागले. कानसेनांचा ऊर भरोन आला. आजवर सासऱ्याने त्यांचे हवाली केलेली सर्वांत मोठी चीज म्हणजे मुलगी, आणि ती देताना देखील श्रीमंत इतके हळवे जाहले नव्हते. आता हे काम नावाजण्यासारखे करोन दाखवायचे, ऐसा कानसेनांनी निश्चय केला, आणि तोच निश्चय पुढे नडला.

मुके अंग बोलते करणे हा पोरखेळ. तारेच्या सांध्याचा एक डाख सुटला होता, तो लाविला. मग रेकॉर्ड चढविली, आणि आयुष्यात प्रथमच कानसेनांनी चौघांस धंद्याच्या कानांनी ऐकिले. ऐकतात तो काय! गिटार सुरू होताच आत खर्रर्र! कानसेन ताडकन उठले. येथे वाचणारा म्हणेल, अहो, गिटारवाले मुद्दाम आवाज फाडून वाजवितात, हे शेंबड्या पोरास ठाऊक. कानसेनांसही ते ठाऊक होते. परंतु ज्या चौघांस दुनिया डोईवर घेऊन नाचते ते थोर पुरुष ऐसा भिकार आवाज जाणूनबुजून काढतील, हे त्यांच्या मनास शिवले नाही. इतर कोणाबद्दल लागलीच शिवले असते. तेव्हा दोष यंत्राचा, आणि यंत्र आपल्या हाती, आणि रविवार तोंडावर!

मग तुंबळ युद्ध मांडिले. पडदा बदलला, खरखर कायम. सुई पुसली, मग सुईच बदलली, खरखर कायम. तारा उसवल्या, डाख नव्याने दिल्हे, आणि मग रेडिओ जोडोन बातम्या ऐकिल्या, तो निवेदिकेचा आवाज आरशासारखा स्वच्छ. दुसऱ्या कोणास येथेच उमगले असते. कानसेनांनी निष्कर्ष काढिला की गनीम कपटी आहे, बातम्यांच्या वेळी दबा धरोन बसतो आणि गिटार आली की छापा घालतो. इतक्यात शिंप्याने डोके आत घालोन विचारिले, "काय रे, पातेलं घासतोयस का?" तेणेकरोन पुरावा पक्का जाहला. शेवटी सुलतानढवा केला. कानसेनांनी कपॅसिटर जोडोन एक चौकी बांधिली, ती यंत्राच्या पोटात बसविली, आणि जे जे कर्कश असेल त्यास चौकीवर अडवावे, पुढे सोडू नये, ऐसा बंदोबस्त केला. रेकॉर्ड लाविली. खरखर नामशेष! गिटार लोण्यासारखी मऊ निघाली, आणि गळा फाडणारा पांघरुणाआडून विनवणी करू लागला, आणि ड्रम उशीवर वाजावे तैसे वाजू लागले.

आणि मग आजवर न घडलेले घडले. कानसेनांस चौघे आवडले. मान आपोआप डोलू लागली, पाय ठेका धरू लागला, आणि तेही मास्तरांकडे न पाहता! धनीण कामावरून परतताना दुकानी डोकावली, तो नवरा एकटाच डोलतो आहे. तिने विचारिले, "बरा आहेस ना?" कानसेन सद्गदित होऊन बोलिले की, "अगं, इतकी वर्षं माझे कान खराब नव्हतेच! बाबांचं मशीन खराब होतं!" धनीण क्षणभर ऐकत उभी राहिली आणि बोलली, "बघ बाबा. मला तर हे काहीतरी वेगळंच वाटतंय." विजयाच्या धुंदीत ते कोण ऐकतो!

रविवारी दरबार भरला. चहा जाहला. श्रीमंतांनी खाशा हाताने सुई टेकविली, आणि कानसेन सर्वांआधी मान हलवू लागले, आणि हलवता हलवता ध्यानी आले की एकटेच हलवीत आहेत. मास्तर उठोन तबकडीचा वेग पाहोन आले. डॉक्टर घसा खाकरोन बोलिले, "माझ्या दवाखान्यात बाहेर बसलेल्यांना असंच काहीसं लावतो. दाढ काढायच्या आधी." कोणी हसले नाही. श्रीमंतांनी बटण फिरविले, पुन्हा फिरविले. मग एका कानात बोट घालोन हलविले, मग दुसऱ्या. मग हळूच मागे टेकले आणि बोलले, "यंत्र बरोबर आहे. जावईबापूंनी केलंय म्हणजे बरोबरच असणार. माझेच कान गेले. ती गेल्यावर एवढंच उरलं होतं रे."

डॉक्टर, मास्तर "अरे, वय झालं, चालायचंच" ऐसे पुटपुटू लागले. कानसेनांस पळवाट सताड उघडी होती. गप्प बसावे, उद्या काही निमित्त काढोन यंत्र न्यावे, गुपचूप चौकी काढावी. कोणास पत्ता लागता ना. परंतु म्हातारा आपले धडधाकट कान गेले म्हणोन बसला आहे, आणि ते आपल्या अतिशहाणपणापायी, वर आपल्यावर भरवसा टाकून, हे पाहवेना. मग जी जीभ मागणीच्या दिवशी उचलली होती तीच पुन्हा उचलली. "बाबा, कान ठणठणीत आहेत तुमचे. खरखर मी काढली. मला वाटलं, बिघाड आहे." मास्तर हिशेबाचे पक्के, त्यांनी पृच्छा केली की, "म्हणजे इतके रविवार तुम्ही ऐकत काय होतात?" कानसेन बोलिले, "रेडिओ दुरुस्त करत होतो. मनातल्या मनात. मला नाही हो आवडत ते चौघे. खूप प्रयत्न केला, पण नाहीच आवडले." सरदारांनी दाराजवळ चपला कोठे काढल्या आहेत तेही एकवार पाहोन ठेविले.

मग श्रीमंतांचे खांदे हलू लागले. रडतात की काय म्हणोन धनीण आतून धावत आली, तो श्रीमंत हसत होते आणि डोळे वाहत होते. मग बोलिले, "जावईबापू, तुम्ही बसता ना, ती खुर्ची तिची. तिलाही नव्हते आवडत. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली, हे काय पत्रा ओढल्यासारखं! तरी दर रविवारी कानात कापूस घालून तिथंच विणत बसायची. मी म्हणायचो, कशाला छळ करून घेतेस, जा ना आत. तर म्हणायची, तुम्ही ऐकताना छान दिसता, म्हणून बसते." आणि मग लटक्या रागाने, "तिनं आठवड्यात सांगितलं. तुम्हाला एवढी वर्षं लागली होय?"

लागलीच तह ठरला, तो मास्तरांनी कागदावर उतरविला. चौकी आत्ताच्या आत्ता काढावी. जावयास मान हलविणे माफ. कापूस श्रीमंतांकडून मिळेल. वाटल्यास एखादा खराखुरा रेडिओ आणोन मांडीवर दुरुस्त करावा, मात्र खुर्चीस डिंक लागू नये. आणि ती खुर्ची रविवारी रिकामी राहू नये. हे शेवटचे कलम पुन्हा एकवार वाचोन दाखवावे ऐसे श्रीमंतांनी मास्तरांस सांगितले. डॉक्टरांची साक्ष पडली.

मग कानसेनांनी जागीच स्क्रू सोडवून चौकी बाहेर काढिली, आणि सुई टेकताच खरखर मोठ्या दिमाखाने आपल्या मुलुखी परतली. अगदी भिकार आवाज. कानसेनांस तो तिळमात्र आवडला नाही. परंतु आता मान हलवायची नव्हती आणि मनात रेडिओ उघडण्याचेही कारण उरले नव्हते, म्हणोन ते प्रथमच श्रीमंतांकडे पाहत बसले. श्रीमंत डोळे मिटोन, बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरोन, कॉलेजातल्या पोरासारखे हरवून गेले होते. सासूबाईंचे म्हणणे खरे होते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खरखर आपल्या जागी कायम, श्रीमंतांचे कान कायम, जावई खुर्चीवर कायम. जप्त केलेली चौकी दुकानी ठेविली आहे, आणि शिंपी जेवावयास गेला की कानसेन ती जोडून चौघांस मऊ करोन ऐकतात, हे तहात बसत नाही, सबब श्रीमंतांस कळू नये. ही बखर लिहिण्यास दुसरा कोणी राजी होईना, म्हणोन कानसेनांनीच स्वहस्ते लिहिली. सरदार, दरारा वगैरे शब्द त्यांचेच, ते वाचणाऱ्याने सोसून घ्यावे. कापसाची पुडी श्रीमंतांनी दिल्ही ती अद्याप फोडली नाही. कानात कापूस घातला, तर श्रीमंत गाण्याबरोबर हळूच गुणगुणतात ते ऐकू येत नाही.