मावशींची खुर्ची आणि दोनशे पिढ्या

"मावशी, शुक्रवारी संध्याकाळी तुझी खुर्ची दारात! नाही आली, तर नाव बदलून ठेव माझं!"

"ते तुझ्या कारखान्याने कधीच बदललंय," मावशी म्हणाल्या. "तू खुर्चीचं बघ."

खरंच बदललं होतं. खुर्च्यांच्या कारखान्यात कोणत्या खुर्चीमागून कोणती बनवायची, हे ठरवणं मावशींच्या या भाच्याचं काम. पण गेले काही महिने जेवताना, जिन्यात, अगदी हात धुताना सुद्धा हे गृहस्थ पिढ्यांबद्दलच बोलत होते. शेवटी सगळा कारखाना त्यांना पिढीसाहेब म्हणायला लागला. त्यांना तो मान वाटायचा! तेव्हा आपणही तेच म्हणू.

आता मावशींचं सांगतो. पिढीसाहेबांना लहानाचं मोठं केलं ते त्यांनी. गेल्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय रुसून बसले. त्याची भरपाई म्हणून जीभ दुप्पट चालायला लागली! चौकापलीकडे त्यांची जन्माची मैत्रीण राहायची, पोस्टातल्या बाई. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे इकडची इकडे आणि तिकडची तिकडे. आणि आता बाई या रविवारी सकाळी लांब मुलाकडे निघाल्या होत्या, कायमच्या. मावशींना त्याआधी एकदा मैत्रिणीच्या दारात जायचं होतं. पण कुणी ढकलत नेलेलं नको!

"आयुष्यभर तिच्याकडे माझी मी गेले. आता निरोपाला काय पोत्यासारखी जाऊ?"

म्हणून ती खास खुर्ची. डाव्या हाताचा दांडा पुढे-मागे केला की चालणारी आणि तोच दांडा वळवला की वळणारी. अशी खुर्ची कारखान्यात क्वचितच व्हायची. पिढीसाहेबांनी स्वतः मोठ्या साहेबांच्या मागे लागून ती मंजूर करून घेतली होती.

कारखान्यात लाइन एकच. तिच्यावर ऑफिसची खुर्ची, न्हाव्याची खुर्ची, चाकाची खुर्ची अशा नाना तऱ्हा एकामागून एक सरकत जायच्या. ऑफिसची खुर्ची सोपी. न्हाव्याची जड, तिच्या पोटात पंप असतो. आणि दांड्याची चाकाची खुर्ची म्हणजे साक्षात संकट! दोन कठीण खुर्च्या लागोपाठ आल्या की माणूस मागे पडायचा, दोरी ओढायचा, भोंगा वाजायचा आणि लाइन थांबायची. रोज इतका भोंगा वाजायचा, की शेजारच्या गोदामातला कुत्राही आता कान हलवत नसे.

यावर पिढीसाहेबांनी संगणकाकडून रामबाण उपाय करून घेतला होता. लाइनच्या प्रमुख ताईंना त्यांनी तो अगदी रंगात येऊन समजावला.

"ताई, आधी संगणक वेडेवाकडे शंभर क्रम बनवतो. ज्या क्रमात भोंगा कमी, तो गुणी. मग गुण्यांची आपसात लग्नं लावायची!"

"क्रमांची?"

"हो! पुढचा अर्धा भाग बापाचा, मागचा अर्धा आईचा. झालं मूल! त्यातली गुणी मुलं ठेवायची, नाठाळ काढून टाकायची, पुन्हा लग्नं. अशा दोनशे पिढ्या! शेवटी जो क्रम उरेल तो कुळाचा दिवा!"

"आमच्या घरी दुसऱ्याच पिढीत बोंब आहे," ताई म्हणाल्या. "पण होऊन जाऊ द्या."

शुक्रवारी लाइन सुरू झाली. एक तास गेला, भोंगा नाही. जेवणाची सुट्टी झाली, भोंगा नाही! पंपवाला दोन वेळा दोरीकडे बघून हात मागे घेऊन गेला. संध्याकाळी लाइन बंद झाली, तेव्हा दिवसभरात एकदाही थांबलेली नव्हती. असं कारखाना सुरू झाल्यापासून कधी घडलं नव्हतं! मोठे साहेब स्वतः खाली आले. त्यांनी पिढीसाहेबांच्या पाठीवर अशी थाप मारली, की चष्मा नाकावरून सुटला. गादीवाल्याने टाळ्या सुरू केल्या, सगळ्यांनी उचलून धरल्या. पिढीसाहेब तरंगतच घरी आले.

दारात टेम्पो उभा होता. बाहेरच्या खोलीत मधोमध खुर्ची होती. लालभडक गादी, चकचकीत दांडी, डोकं टेकायला उशी, पाय ठेवायला पितळी पायरी. तिच्यात मावशी बसल्या होत्या आणि शेजारी बायको पायाने पंप दाबत होती.

मावशी हळूहळू वर गेल्या. मग हळूहळू खाली आल्या. मग बायकोने जरा धक्का दिला, तशा गोल फिरून पुन्हा समोर आल्या.

"वर जाते, खाली येते, गोल फिरते," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पुढे तेवढी जात नाही. अगदी तुझ्या नोकरीसारखी आहे रे, बाळ्या!"

पिढीसाहेबांनी खुर्चीवरची चिठ्ठी वाचली. पत्ता बरोबर! त्यांनी पॅकिंगकाकांना फोन लावला.

"काका, मावशीच्या पत्त्यावर न्हाव्याची खुर्ची कशी आली?"

"त्याचं असं झालं साहेब, शेवटी एक खुर्ची उरली आणि एक पत्त्याची चिठ्ठी उरली. म्हटलं, दोघी एकट्याच आहेत, घालून टाकू गाठ!"

"पण दांड्याची खुर्ची?"

"ती आज लाइनवर आलीच नाही. ताईंना वाटलं, घरचं काम म्हणून तुम्ही वेगळी काढून ठेवलीत."

पिढीसाहेबांनी फोन ठेवला. कुठे गेली खुर्ची? मग हळूहळू डोक्यात उजेड पडला आणि तोंडावरचा गेला. त्यांनी बायकोला सांगायला सुरुवात केली. बापाचा पुढचा अर्धा, आईचा मागचा अर्धा...

"थांब, थांब," बायको म्हणाली. "म्हणजे मागच्या सहलीला आपण बॅग भरली तसंच ना? निम्मी तू, निम्मी मी, एकमेकांना न विचारता. तिथे जाऊन बघतो तर टूथपेस्ट दोन आणि टॉवेल एकही नाही!"

"तसंच. बापाच्या क्रमात मावशीची खुर्ची मागच्या अर्ध्यात होती आणि आईच्या क्रमात पुढच्या. मुलात दोन्हीकडून गळली. आणि न्हाव्याची एक खुर्ची दोनदा आली."

"मग तुझ्या संगणकाने हे नाठाळ मूल काढून नाही टाकलं?"

"काढून कसं टाकेल? सगळ्यात जास्त भोंगा वाजवणारी खुर्चीच गळली ना! त्याला वाटलं, वा, काय गुणी मूल! पुढच्या सगळ्या पिढ्या त्याचीच पोरं."

ते मावशींकडे बघेनात. ज्या एका खुर्चीसाठी एवढा आटापिटा केला, तीच यांच्या शहाणपणाने गिळली होती. उद्या सुट्टी, परवा पोस्टातल्या बाई जाणार. मावशी काहीच बोलल्या नाहीत आणि तेच वाईट होतं. त्या गप्प बसल्या की घर कसं ओळखीचं वाटत नसे.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. कोपऱ्यावरचा न्हावी! त्याच्यामागे गल्लीतली चार माणसं.

"साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती! टेम्पोतून उतरताना बघितली मी! दुकान टाकताय? माझ्या पोटावर पाय?"

"अरे बाबा, दुकान नाही रे..."

"दुकान नाही, तर गिऱ्हाईक कसं बसलंय?" त्याने मावशींकडे बोट दाखवलं.

"दाढीचा काय भाव?" मागून एकाने विचारलं.

"रविवारी उघडं असेल ना?" दुसऱ्याने.

पिढीसाहेबांनी हात जोडून सगळं पहिल्यापासून सांगितलं. लग्नं, पोरं, दोनशे पिढ्या! न्हाव्याला त्यातलं अक्षरही पटलं नाही. पण परवा कोण जाणार आहे आणि मावशींना कुठे जायचं होतं, हे ऐकलं तसा त्याचा आवाज खाली आला. तो मावशींपाशी गेला आणि त्यांच्या केसांकडे बघत राहिला. आजारपणात ते बायकोने जमेल तसे कापले होते.

"हे कुणी कापले?"

"मी," बायको म्हणाली.

"तरीच," न्हावी म्हणाला. "मावशी, उद्या दुपारी येतो. मैत्रिणीकडे असं जातात का? खुर्ची आहेच!"

"आणि जायचं कशावरून रे?" मावशींनी विचारलं. न्हाव्याने पिढीसाहेबांकडे बघितलं, पिढीसाहेबांनी जमिनीकडे.

मग त्यांनी मनाचा हिय्या करून ताईंना फोन लावला. पलीकडून असं हसू आलं, की फोन कानापासून दूर धरावा लागला.

"साहेब, तरीच म्हटलं आज भोंगा कसा नाही वाजला! सकाळी या. मी सगळ्यांना सांगते."

"उद्या सुट्टी आहे, ताई. आणि मोठे साहेब?"

"त्यांना मी बघते. तुम्ही फक्त तो संगणक आणू नका!"

सकाळी ते कारखान्यात पोहोचले, तर पंपवाला, गादीवाला, चाकवाला, सगळे हजर. पॅकिंगकाका तोंड लपवत आलेले. मोठे साहेब घरच्या चपला घालून आलेले. "एका खुर्चीसाठी लाइन?" असं ताईंना विचारून झालं होतं आणि ताईंनी "एका मावशीसाठी, साहेब" म्हटल्यावर त्यांनीच जाऊन बटण दाबलं.

लाइनवर एकच खुर्ची निघाली. पहिल्याच जागी भोंगा! दांड्याचं भोक तिरकं. सगळे धावले, सरळ केलं. दुसऱ्या जागी भोंगा! चाक अडकलं. तिसऱ्या जागी गादीवाल्याने स्वतःहून दोरी ओढली, कारण त्याला शिवण पसंत नव्हती. भोंग्यावर भोंगा! प्रत्येक भोंग्याला टाळ्या! मोठे साहेबही एकदा उगाचच दोरी ओढून आले, कधीची इच्छा होती म्हणाले. गोदामातला कुत्रा आज मात्र उठून बघायला आला.

पिढीसाहेब एका कडेला उभे होते. इतके दिवस ते या भोंग्याच्या मुळावर उठले होते, आणि आज प्रत्येक भोंग्याला एकेक माणूस हातातलं टाकून त्यांच्या मावशीसाठी धावत होता.

"ताई, तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले, साहेब? नट धरा तो!"

त्यांनी नट धरला. चुकीचा धरला. भोंगा!

दुपारी न्हाव्याने लाल खुर्चीत बसवून मावशींचे केस झकास कापले. आरसा समोर धरला, तेव्हा मावशी बराच वेळ त्यात बघत होत्या. "बरी दिसतेय की मी अजून," म्हणाल्या. त्याने पैसे घेतले नाहीत. दुकान निघत नाही, हीच कमाई म्हणाला!

आणि संध्याकाळी मावशी नव्या खुर्चीतून निघाल्या. "कुणी हात लावायचा नाही!" असा हुकूम सुटला. पहिल्यांदा दांडा जास्त वळला आणि त्या जागच्या जागी गोल फिरल्या. "ही पण न्हाव्याचीच का रे?" पण मग खुर्ची सरळ झाली आणि चालू लागली. मागे बायको, पिढीसाहेब, न्हावी आणि खुर्ची पोचवायला आलेली अर्धी लाइन! चौकात मावशी मधोमध थांबल्या आणि कुणाशी तरी बोलायला लागल्या. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या, हॉर्न वाजले.

"बघा साहेब," ताई म्हणाल्या, "मावशी आल्या की लाइन थांबतेच!"

पोस्टातल्या बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "किती उशीर! आणि ही वरात कसली?" मग दोघींनी एकमेकींचा हात धरला आणि बाकीच्यांनी पाठ फिरवली. पिढीसाहेबांना चष्मा पुसायला काढावा लागला. न्हावीही नाक ओढत होता.

परत येताना पिढीसाहेब खुर्चीशेजारून चालत होते.

"मावशी, चुकलं माझं. जे अडतं ते गाळायचं, एवढंच मी संगणकाला शिकवलं होतं."

"लहानपणी तुला बुटाची नाडी बांधायला अर्धा तास लागायचा," मावशी म्हणाल्या. "सगळं घर दारात थांबायचं. तेव्हा आम्ही तुझा संगणक आणला असता, तर तू पहिल्याच पिढीत गळला असतास."

"मग का नाही आणलात?" पिढीसाहेबांनी हसत विचारलं.

"तुझ्याशिवाय बाहेर जाऊन करायचं काय होतं?"

दारात आल्यावर मावशींनी आतल्या लाल खुर्चीकडे बघितलं.

"ही परत जाणार का रे?"

"सोमवारी टेम्पो येईल. का?"

"हिच्यात वर गेलं की खिडकीतून चौक दिसतो. नवीतून नाही दिसत." मावशींचे डोळे चमकले. "बाळ्या, तुझ्या त्या संगणकात लाव ना या दोघींचं लग्न! चालणारी पण हवी आणि वर जाणारी पण."

"आणि मूल निघालं भलतंच, तर?" पिढीसाहेब घाबरून म्हणाले.

"निघू दे. एक भलतंच मी सांभाळलंय की!"