फळ्याच्या रंगाची राजदूत

सासऱ्यानं दिलेली मोटरसायकल रुपरावनं ऑफिसच्या आवारात उभी केली, त्या दिवसापासून त्याच्या प्रामाणिकपणावर लोकांचा संशय बसला.

रुपराव हा गोदाम-बांधणी मंडळाच्या नागपूर कार्यालयात ओव्हरसिअर. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यानं ठेकेदाराबरोबर चहा घेतला तरी आपल्या कपाचे पैसे आपण दिले होते. त्याचे सासरे वामनराव नरखेडकडचे बागायतदार. त्या साली मोसंबीचा बहार चांगला लागला, म्हणून त्यांनी आपली राजदूत नव्यानं रंगवून जावयाला देऊन टाकली. रंगवणाऱ्यानंही हात राखला नाही. टाकी आणि दोन्ही मडगार्ड लालभडक, आणि चमक अशी की दुपारी बाराला गाडीकडे उघड्या डोळ्यांनी पाहवत नव्हतं.

"रुपराव," तिसऱ्या दिवशी साहेब गाडीशी थांबून म्हणाले, "तुमच्या टाकीत माझा चेहरा अगदी स्पष्ट दिसतो हो."

साहेब हसले, पण अर्धेच. रुपराव तडक हेडक्लार्क शालिकरामकडे गेला.

शालिकरामनं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "साहेबाची सरकारी जीप पाहिली? कशी मळकट हाय? अन् तुमची गाडी आरशावानी. खालचा माणूस वरच्यापेक्षा जास्त चमकला की फाइल उघडते, बाप्पा. त्यात हा गोपनीय शेरे लिवाचा महिना."

"मी विकून टाकू का मंग?"

"सासऱ्याची वस्तू विकसान तं घरी शेरा भेटन. विकू नका. चमक मारा तिची."

रुपराव महाल भागात धोंडबा पेंटरकडे गेला. धोंडबानं त्याचं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं.

"तीस वर्सं झाली मले ह्या धंद्यात. लोक गाडी चमकवाले येतात. विझवाले आलेले तुम्हीच पहिले."

"होईल ना पण?"

"काहून नाही होणार? पाण्याचा पॉलिश पेपर मारतो, वरचा चकचकीत थर काढतो. पण नुसतं घासलं तं कोड फुटल्यावानी दिसन. वरून रंग लागन, बिनचमकीचा."

बिनचमकीचा रंग धोंडबाकडे एकच होता. शाळांचे फळे रंगवण्याचं काम त्यानं नुकतंच संपवलं होतं आणि त्यातला अर्धा डबा शिल्लक होता. दोन दिवस घासून, तिसऱ्या दिवशी त्यानं टाकीला, मडगार्डांना आणि बाजूच्या डब्यांना दोन-दोन हात मारले. गाडी काळीठिक्कर झाली. ऊन तिच्यावर पडलं की तिथंच मरत होतं.

"अवं माय!" दारात गाडी पाहून रुपरावची बायको शामला म्हणाली. "गाडीले सुतक लागलं का?"

"साधी राहणी आहे ती," रुपराव म्हणाला.

शामला मराठी शाळेत शिकवायची. तिनं टाकीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग पर्समधून खडू काढला आणि टाकीवर एक रेघ ओढली. रेघ सुरेख उमटली. पदरानं पुसली, तर तितकीच सुरेख पुसली गेली. तिचा चेहरा उजळला.

"हे बेस झालं. तुम्हाले चिठ्ठी देली की तुम्ही चिठ्ठी हरवता. गाडी तं नाही ना हरवत?"

दुसऱ्या दिवशी रुपराव टाकीवर 'दळण, सांबाराची जुडी, हिंग' घेऊन ऑफिसात पोचला. साहेबांनी काळी गाडी पाहिली आणि या वेळी ते पूर्ण हसले. शालिकरामनं लांबूनच मान डोलवली. रुपरावला वाटलं, सुटलो.

आठवड्याभरात मात्र ऑफिसला त्या टाकीचं व्यसन लागलं. सूचनाफलकाकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. टाकीवरचं मात्र सगळे वाचायचे. रुपरावच्या घरी आज भरीत आहे हे शिपायापासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांना दहा वाजताच कळायचं. मग कोणी मडगार्डावर 'रुपराव, फोन आला होता' असं लिहू लागलं. एकदा 'चहात पाणी कमी टाका' असंही लिहिलेलं सापडलं. ते कोणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं, पण लिहिलं कोणी ते कळलं नाही. टाकीवर काय लिहिलं जाईल याची लोकांना गंमत वाटत होती आणि थोडी धास्तीही.

अशातच वामनरावांचा निरोप आला: तूर घरात आली आहे, भरायला पोती कमी पडतात, शहरात कुठं मिळाली तर बघा. शामलानं ही गोष्ट साहेबांच्या बायकोच्या, कुसुमताईंच्या कानावर घातली. कुसुमताई म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे गव्हाची बारा पोती नुसती पडून आहेत. घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल." झालं. शामलानं सकाळी टाकीवर ठळक अक्षरात लिहिलं:

'साहेबांच्या बंगल्यावर बारा पोती. आजच उचलणे.'

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. साहेबांच्या बंगल्यामागं दोन खोल्यांचं काम चाललं होतं, आणि परमिटच्या कचेरीपेक्षा साहेबांना ऑफिसच्या आवारातलं मंडळाचं कोठार जवळ होतं. साडेदहाला साहेब जीपमधून उतरले, सवयीनं टाकी वाचायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

पाच मिनिटांनी रुपराव त्यांच्या खोलीत उभा होता.

"हे बारा... कोणी मोजले?" साहेबांनी हळूच विचारलं.

"बाईसाहेबांनी, साहेब."

"माझ्या बायकोनं?"

"हो. त्याच म्हणाल्या, नुसती पडून आहेत, घेऊन जा."

साहेबांनी ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं. "आणि उचलणार कोण?"

"आमचे वामनराव येऊन राहिले, साहेब. आज संध्याकाळी."

"हे वामनराव कोणत्या खात्यात?"

"खातं नाही साहेब, त्यांचा स्वतःचाच कारभार आहे. पण माणूस कडक. एकेक पोतं उलटं करून तपासते. फाटकं निघालं तर तिथंच बोलते, समोर कोणी का असेना."

रुपरावला वाटलं, साहेबांना तब्येतीचं काही होतंय. "शिपायाला बोलावू का, साहेब?"

"ड्रायव्हरला बोलवा," साहेब म्हणाले.

दुपारी दोनपर्यंत जीपनं बंगला ते कोठार अशा चार खेपा केल्या. बारा नव्हे, छत्तीस पोती आली. कोठाराचं दार अरुंद, म्हणून पोती आवारातच रचली गेली. पहिली खेप आली तेव्हा ऑफिस खिडक्यांशी गोळा झालं. दुसरी आली तेव्हा शालिकरामनं चष्मा काढला.

"म्हणजे यादी निघून राहिली," तो टायपिस्टला म्हणाला. "आज टाकीवर साहेब. उद्या तुह्या-माह्या नावाचा खडू."

शालिकराम जेवायच्या सुट्टीत घरी गेला आणि रिक्षात छताचा पंखा घालून परत आला. पंखा त्यानं पोत्यांशेजारी ठेवला आणि कोणाकडेही न पाहता जागेवर जाऊन बसला. त्यानंतर कोणी थांबलं नाही. टायपिस्टनं टाइपरायटर आणला. त्याच्यावर तिच्या भावानं परीक्षा दिली होती. शिपायानं पाण्याचा माठ आणि दोन खुर्च्या आणल्या. कॅशियर टेबल डोक्यावर घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी 'वाळवीने खाल्ले' अशी नोंद झालेलं कपाट धडधाकट चालत आलं. पाच वाजता आवारात पाय ठेवायला जागा नव्हती.

परत आणण्यासारखं फक्त रुपरावकडेच काही नव्हतं. तो एकटाच रिकाम्या हातानं उभा होता आणि त्यामुळं सगळे त्याच्याकडे फार भीतीनं पाहत होते. शिपायानं आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचारलं, "चहा आणू का जी?"

साडेपाचला फाटकातून वामनराव आले. धोतर, टोपी, आणि खांद्यावर पोत्यांचं एक चपटं, बांधलेलं ओझं. त्यांनी आवार पाहिलं.

"हे का होय, जावईबापू? लिलाव हाय का?"

साहेब पुढे झाले. साहेबांनी सिमेंटकडे हात केला.

"सगळी आणून ठेवली आहेत. बारा होती ती तर आहेतच, वर चोवीस आहेत. तपासून घ्या."

वामनरावांनी पोत्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"भरेल पोती घेऊन मी का करू जी? मले रिकामी पाहिजे होती, तूर भराले. हे पाहा, बाईसाहेबानं देली. बारा." त्यांनी ओझ्यावर थाप मारली. गव्हाचा भुसा उडाला. "लय चांगली बाई हाय. चहा बी पाजला."

आवारातल्या पिंपळावर कावळे येऊन बसत होते.

सगळ्यात आधी शालिकराम भानावर आला. त्यानं धोतराचा सोगा खोचला आणि पंखा उचलला.

"ह्याचा कंडेन्सर गेलेला दिसते," तो कोणालाही उद्देशून नव्हे असं म्हणाला. "घरी नेऊन पाहतो."

"टाइपरायटरला तेल पाहिजे," टायपिस्ट म्हणाली.

"कपाटाला खरंच वाळवी आहे बहुतेक," कॅशियर म्हणाला आणि टेबलाखाली शिरला.

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. डिसेंबरचं आभाळ होतं, ढगाचा ठिपका नव्हता.

"सिमेंट असं उघड्यावर बरं नाही," ते म्हणाले. "ओल धरेल. ड्रायव्हर, जीप मागं घ्या. रुपराव, तुम्ही जरा एक बाजू धरा."

रुपरावनं सासऱ्याच्या खांद्यावरचं ओझं काढून घेतलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"माझे हात भरलेले आहेत, साहेब," तो म्हणाला, आणि बारा रिकामी पोती घेऊन गाडीकडे चालू लागला.