मातुश्री हौसाबाईंच्या पाण्याची हकीकत

“आई, शर्यत संपली की मी फोन करीन. तोवर वाट बघत बसू नकोस, जेवून घे.” ऐसे उंबऱ्यावर उभे राहून बोलिले आणि चिरंजीव धैर्यशीलराव मोहिमेस निघाले. तो आवाज स्मरून आणि जगदंबेचे पायी मस्तक ठेवून जे जाहाले ते लिहिले असे. जास्त लिहिले ते तिने पोटात घालावे, उणे राहिले ते तिला ठाऊकच आहे.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावण मासी राज्यात डंका पिटला की मातीवरील गाड्यांच्या राष्ट्रीय शर्यती मुलुखोमुलखी होणार, आणि प्रत्येक मोहिमेचे गुण मांडिले जाणार, आणि शेवटील मोहिमेअंती ज्याचे गुण अधिक त्यास अजिंक्यपद. मग सुभ्यासुभ्यातून स्वार निघाले. घोडा कोणापाशीच नव्हता, सर्वांपाशी दोन चाकांच्या उंच गाड्या होत्या, आणि त्या मातीच्या टेकाडावरून ऐशा उडत की माणूस आणि गाडी आकाशात वेगवेगळी दिसत. त्या स्वारांत आमचे धैर्यशीलराव. वडील त्यांचे लहानपणीच निवर्तले, मागे घरी एकट्या मातुश्री हौसाबाई.

मातुश्रींचा नेम ऐसा की शर्यतीचे दिवशी स्नान करून देवीपुढे समई लावावी, आणि लेक सुखरूप उतरल्याचा फोन येईपर्यंत पाण्याचा थेंब घेऊ नये. लेकाने जेवून घे म्हटले होते, ते मातुश्रींनी ऐकिले आणि बाजूस ठेविले. पहिल्या मोहिमेस फोन दुपारी आला, दुसरीस दिवेलागणीस आला, आणि मोहिमा जो जो दूर गेल्या तो तो घर मोठे वाटू लागले. दिवाळी आली, मातुश्रींनी उटणे कालवून ठेविले. चिरंजीव दक्षिणेकडे सराव करीत होते, येणे जाहाले नाही. उटणे वाटीत वाळले, मग ते तुळशीच्या मुळाशी घातले, आणि वाटी मात्र काही दिवस घासली नाही.

मग तिसरी मोहीम. तेथे धूळ उडू नये म्हणोन टँकरवाल्यांनी इतके पाणी मारिले की मैदानाचा राबडा जाहाला, आणि पंचांनी हुकूम केला की शर्यत उद्या. स्वारमंडळी आपापल्या टेंपोत निजली. धैर्यशीलरावांनी मनात आणिले की शर्यतच नाही तर फोन कशाचा, आणि तेही निजले. इकडे मातुश्री देवीपुढे बसल्या त्या बसल्याच. आपण फोन करावा तर लेक गाडीवर असेल आणि त्याचे चित्त हलेल, म्हणोन तोही करीनात. उजाडले तरी पाणी नाही. तेव्हा शेजारच्या सगुणामावशी पेला घेऊन आल्या आणि बोलिल्या, “हौसे, घोटभर घे. देवी काय तुझा घोट मोजत बसलीया?”

“त्याची शर्यत संपली नाही अजून, मावशी.”

“कालपासनं? असली कसली शर्यत? काशीला निघालाय का काय गाडीवरनं?”

मातुश्री हसल्या, परंतु पाणी घेतले नाही. तिसरे प्रहरी फोन आला, चिरंजीव बोलिले, “आई, दुसरा आलो,” आणि मातुश्रींनी पेल्याकडे हात नेला. मग मावशींनी फोन हिसकिला. “दुसरा आलास ते ठेव बाजूला. तुझी आई कालपासनं कोरडी बसलीया,” ऐसे सर्व सांगितले. चिरंजीवांनी ते ऐकून घेतले. मग बोलिले, “आईला दे.” आणि आईस बोलिले, “आई, आमच्या गाडीला मागं सीट नसते. एकाचीच गाडी ती. तू अशी उपाशी राहिलीस की माझ्या मागं येऊन बसतीस, मग उडी जड होते मला. आता शेवटची शर्यत आपल्याच भागात आहे. तू ये. उपास करून नाही, पाणी पिऊन ये, आणि कठड्यापाशी उभी राहा.”

“येते,” मातुश्री बोलिल्या. त्यांनी देवीसमोर बसून शब्द दिला, तो साधा शब्द नव्हे.

मग चौथी मोहीम आली, आणि लेकाचे मन राखावे म्हणोन मातुश्रींनी सकाळीच अर्धा पेला पाणी घेतले. त्याच दिवशी चिरंजीव मोठ्या टेकाडावरून उतरता आडवे जाहाले, मनगट मुरगळले, गुण बुडाले, आणि वर चढत आलेले नाव खाली गेले. रात्री फोन आला. सकाळच्या घोटाचे मावशींनी त्यास आधीच सांगितले होते.

“मी घाई केली, आई. पाण्याचा काही संबंध नाही.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“म्हटलं नाहीस, म्हणून तर सांगतोय.”

पुढे मातुश्रींचे मन कोठे लागेना. श्रावणापासून लेकाचे मुख पाहिले नव्हते, ते पाहावे ऐसे फार वाटे, आणि आपल्या एका घोटाने तो पुन्हा पडेल ऐसे भय वाटे. उपाशी जावे तर तो तोंड बघूनच ओळखेल. न जावे तर कठड्यापाशी तो कोणास शोधेल? मावशी बोलिल्या, “पाण्यानं पडतोय तर उपासानं पहिला यायला पाहिजे होता की गं.” पौष लागला, मनगट बरे जाहाले, आणि चिरंजीव पुन्हा गाडीवर बसणार ऐसे कळले.

येणेप्रमाणे वर्तमान. अजिंक्यपद कोणास मिळाले ते दरबारचे लेखक लिहोत, येथे एका घरापुरतेच लिहिले आहे. शेवटील मोहिमेचे दिवशी मातुश्रींनी समई लाविली, तेल पुष्कळ घातिले आणि पेला भरून देवीस दाखविला. मग तो सगळा प्याल्या, ओठ पदराने टिपिले, चपला पायात घातल्या, किल्ली मावशींच्या हाती दिली, आणि कोणाशी काही न बोलता एसटी स्टँडाच्या वाटेस लागल्या.