दिघ्यांच्या कालिंदीने निकेल मोजिले त्याची हकीगत

श्री. दिसतो त्या सूर्यास आणि न दिसती त्या किरणांस नमस्कार करून हकीगत लिहिली ऐसी जे, शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरी, पौष मासी, भौतिकशास्त्राचे राज्य कॉलेजच्या तळमजल्यावर तीन खोल्यांत नांदत होते आणि तेथे बेहेरे सर अधिपती होते. धातूंच्या पट्ट्या सरदारांप्रमाणे पेटीत बसत. पट्टीवर क्ष-किरण सोडिले म्हणजे ती स्वतःचा किरण परत देई, जैसी ज्याची त्याची मोहोर. मग तो किरण स्फटिकावरून किती अंशांत वळतो ते मोजावे आणि धातू ओळखावा, ऐसा प्रयोग होता. शेवटच्या वर्षाच्या कालिंदी दिघे हिच्या वाट्यास निकेल आले. निकेलाने पावणेएकोणपन्नास अंशांस यावे, आणि ते आले त्रेपन्नाजवळ. तिने तीनदा मोजिले, तिन्ही वेळा तेच. मग मैत्रीण सुशीला कर्णिक बोलली, "अगं, कपाटात सरांचं स्वतःचं जर्नल ठेवलंय नमुन्याला, त्यातलं उतरव. सगळे तेच करतात. उद्यापर्यंत सही झाली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत तुला." परंतु कालिंदीचा हात काही उतरवीना.

मग तिचे जर्नल सरांपुढे गेले आणि सर चष्मा कपाळी सारून बोलिले, "दिघे, रीडिंग चुकलंय. पुन्हा घ्या."

"तीनदा घेतलं, सर."

"मग चौथ्यांदा घ्या. अकरा वर्षांत कुणाचं चुकलेलं नाही."

ती म्हणाली, "सर, त्रेपन्न हा तर कोबाल्टचा आकडा. कोबाल्टची पट्टी लावून बघू?"

सर स्वतः स्टुलावर बैसले आणि कोबाल्ट लाविले, तो किरण मोजणाऱ्या यंत्राची टकटक नेमकी पावणेएकोणपन्नासास दाट जाहली. ते समयी उपकरणांचे जुने राखणदार सावळाराम पुढे आले आणि म्हणाले, "या दोन पट्ट्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या गळाल्या होत्या, सर. मीच डकवल्या, अंदाजानं. दोन्ही पट्ट्या पांढऱ्याच. तुम्ही इथं शिकत होता त्या वर्षी. तुम्ही प्रयोग केला अन् काही बोलला नाहीत, म्हणून म्हटलं, बरोबर असतील."

सरांनी पट्टी काढून हाती घेतली. मग म्हणाले, "मी प्रयोग केलाच नव्हता, सावळाराम. पुस्तकातला आकडा लिहिला होता."

आणि त्यांनी कालिंदीच्या जर्नलावर सही केली, आणि आपले जर्नल कपाटातून काढिले, आणि बोलिले, "आता इथं तुमचं ठेवू."

"नको, सर," कालिंदी म्हणाली. "मग सगळे माझं उतरवतील."

तात्पर्य, दोघां सरदारांस आपापली नावे परत मिळाली, कालिंदी परीक्षेस बैसली, आणि कपाटातला नमुन्याचा कप्पा रिकामा राहिला. पुढील साली मुलांची रीडिंगे थोडथोडी चुकू लागली, आणि सर ती पाहून म्हणत, आता कुठं बरोबर चाललंय.