गौराबाईची फौज

रविवारी दुपारी कृष्णराज सैनिकांची धडं आणि मुंडकी वेगवेगळी घेऊन गच्चीवर गेला. खोलीत रंगाचा फवारा मारला तर वासानं डोकं धरतं, म्हणून गच्ची. मुंडकी वेगळी, कारण ती धडाला चिकटवली की हनुवटीखाली ब्रश जात नाही. त्याच्या दृष्टीनं हे इतकं सरळ होतं, की घरमालकीण सत्यभामाकाकूंना आधी सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

कृष्णराज सास्तूरच्या बँकेत अधिकारी होता. नाशिकहून बदली झाली तेव्हा त्यानं सोबत प्लास्टिकच्या इवल्याशा सैनिकांचे खोके आणले होते. हे सैनिक प्लास्टिकच्या चौकटीतून कापून काढायचे, कडा कानशीनं घासायच्या, साबणाच्या पाण्यात धुवायचे, जोडायचे, रंगवायचे. मग दोघांनी समोरासमोर बसून, फासे टाकत, त्यांची लढाई खेळायची. नाशिकला त्याच्या समोर कुलदीप बसायचा. कुलदीप कॅनडाला गेला आणि जाताना आपली निळी फौजही यालाच देऊन गेला. आता दोन्ही फौजा कृष्णराजकडे होत्या, समोर बसायला माणूस तेवढा नव्हता. बँकेत दिवसभर "साहेब, साहेब" चाले, पण शटर पडलं की साहेबाला हाक मारणारं कुणी नसे. आईचा फोन आला की तो सांगायचा, "मस्त चाललंय." फोन ठेवायचा आणि एखाद्या सैनिकाला हात चिकटवत बसायचा.

गच्चीवर त्यानं थर्माकोलवर टूथपिक रोवल्या. एका रांगेत धडं खोचली, दुसऱ्या रांगेत मुंडकी, आणि काळा फवारा मारला. पलीकडे जुन्या धोतरावर काकूंच्या कुरडया वाळत होत्या, हे त्यानं पाहिलं होतं. वारं मध्येच फिरलं, हे पाहिलं नाही. रंग वाळेपर्यंत चहा घ्यावा म्हणून तो खाली उतरला.

कुरडया उलटायला काकू वर गेल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या.

"अगं बया बया! अवो, ऐकलं का? वर या बिगी!"

त्यांचे यजमान रामकिसनराव धापा टाकत वर आले. "काय झालं? इंचू चावला का?"

"इंचू परवडला! ही बघा, मुंडकी! काडीवर खोचल्यात! अन् कुरडयांवर समदं काळं शिंपडलंय. परवा मोरीत एवढुसा हात घावला, तवाच मला शंका आली होती."

कृष्णराज धावत वर आला. "काकू, हे खेळातले सैनिक आहेत. रंग वाळला की मुंडकी चिकटवणारच आहे."

"मग तोडली कशापायी?"

"तोडली नाहीत. ती वेगळीच येतात."

रामकिसनरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आन् हा खेळ तुमी खेळता कुणासंगं?"

कृष्णराज खाली वाकून थर्माकोल उचलायला लागला.

"कुणासोबतच नाही," तो म्हणाला.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. जे समजायचं ते दोघांनाही समजलं, आणि रात्रीपर्यंत सगळ्या गावाला.

सोमवारी बँकेत त्याच्या टेबलासमोरची माणसं शेजारच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. चहावाल्यानं कप लांबूनच सरकवला. संध्याकाळी मात्र उलटंच घडलं. अंधार पडायच्या आत एकेक जण त्याच्या खोलीवर येऊ लागला. कुणाला भावकीतल्याची जिरवायची होती, कुणाला शेजाऱ्याच्या म्हशीचं दूध आटवायचं होतं. ज्याच्या दाराशी कधी कुत्रंही थांबलं नव्हतं, तो दारात उभा राहून घसा कोरडा करत सांगत होता, "मला तसलं करणी-बिरणी काही येत नाही हो."

"समदे असंच म्हणत्यात," असं म्हणून माणसं जायची. गल्लीतल्या गौराबाई मात्र गेल्या नाहीत. त्या सरळ आत येऊन चटईवर बसल्या.

"माझा दीर, रामहरी. टॅक्टर रोज माझ्या दारात लावतो. सकाळी चालू केला की समदा धूर माझ्या सैपाकघरात. सांगून सांगून तोंड दुखलं. त्याचं कायतरी करा."

"मावशी, हा नुसता खेळ आहे."

"मग खेळा की. बसलेय मी."

कृष्णराजनं त्यांच्याकडे पाहिलं आणि भराभर दोन्ही फौजा मांडल्या. गौराबाईंनी निळी फौज घेतली. "काळा तो रामहरी," त्यांनी जाहीर केलं. सुपातून धान्य पाखडावं तसा त्या फासा टाकायच्या, आणि पडायचाही मनासारखा. पट्टीनं अंतर मोजताना इंचभर सूट देईनात. बघता बघता काळ्यांचा सेनापती आडवा झाला. इतका वाईट हरूनही कृष्णराजला कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

"उद्या परत खेळू या?" त्यानं विचारलं.

"उद्या कशाला? काम झालं माझं." पदर झटकून गौराबाई निघून गेल्या.

तरी दुसऱ्या दिवशी त्यानं बिस्किटं आणली, कप विसळून ठेवले, फौजा मांडल्या. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग निळ्यांची चाल त्यानं स्वतःच केली, उठून पलीकडे बसला, काळ्यांची केली, आणि पुन्हा उठायचा कंटाळा येऊन तिथंच बसून राहिला.

तेवढ्यात दारात एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला.

"मी रामहरी. आमची वैनी आली होती न्हवं तुमच्याकडं? त्या दिसापासून टॅक्टर चालू होईना. लोहाऱ्याहून फिटर येऊन बघून गेला, त्यालाबी उमगंना. साहेब, डाव उलटा करा."

कृष्णराज काही बोलणार, एवढ्यात मागून गौराबाई आल्या.

"करा साहेब, करा! धूर बंद झाला, पण त्ये धूड आता माझ्या दारातनं हलंना की! म्हशीला भाईर काढायला वाट न्हाय!"

"मग मुळात आलीसच कशाला हितं?"

"मग मुळात लावलासच कशाला तितं?"

भांडत भांडतच दोघांनी चपला काढल्या आणि चटईवर शेजारी शेजारी बसले. "ह्ये निळे आपले," गौराबाईंनी दिराला दाखवलं. "फासा मी टाकते. तू नुसतं मोज. आन् नीट मोज."

कृष्णराजनं चहा टाकला. खोलीत खूप आवाज होता. रामहरी एकेका सैनिकाला आंजारत गोंजारत पुढं सरकवत होता आणि गौराबाई त्याच्या हातावर चापट मारत होत्या. डाव संपेना. शेवटी जेवणवेळ झाली तसा रामहरी उठला.

"साहेब, उद्याबी यावं लागंल का?"

हा नुसता खेळ आहे, हे वाक्य कृष्णराजच्या अगदी जिभेवर होतं. त्यानं रिकाम्या झालेल्या तीन कपांकडे पाहिलं.

"लागेल," तो म्हणाला. "जरा अवघड प्रकरण आहे. बरेच दिवस लागतील."