शेवटच्या घासानंतर दोन तास

नातीच्या, अक्षदाच्या, सुपारीत सावळारामआप्पांनी टॉवेल-टोपीचा मान फोटोवाल्याला दिला. नुसता दिला नाही, त्याला मिठी मारली, "पाव्हणं, आमची नात आता तुमची," म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर डोळेसुद्धा पुसले. खरे व्याही, वरवंडचे सोपानराव, हातभर अंतरावर मान पुढं करून उभे होते. फोटोवाला बिचारा ती टोपी घालूनच दिवसभर फोटो काढत हिंडला.

"आमचं हे पहिल्यापासनं चेष्टेखोर," असं म्हणून आप्पांच्या बायकोनं, सोजराबाईंनी, वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र त्यांनी नवऱ्याला ओट्यावर बसवलं.

"लग्नात काय आता बँडवाल्याला पोरगी देता?"

आप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला होता आणि दुसऱ्यात पिकत घातला होता. दौंडच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. अट एकच. आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट डॉक्टरांच्या फोनवर पोचला पाहिजे. नाही पोचला तर नंबर दुसऱ्याला, आणि पुढची तारीख थेट लग्नानंतरची.

म्हणून त्या दिवशी कवठे येमाईहून पहिल्या एसटीनं नवराबायको उपाशीपोटी शिरूरला आले. लॅबमधल्या करिश्मानं आठ वाजता आप्पांचं रक्त काढलं. "हे झालं उपाशीपोटीचं. आता जेवून घ्या. शेवटच्या घासानंतर बरोबर दोन तासांनी परत यायचं. मधे पाण्याशिवाय काही नाही. आणि आजी, डॉक्टरांनी तिसरी पण एक तपासणी लिहिलीय, ती—"

"दोन तास. कळलं. कवठ्यात काय घड्याळं न्हाईत व्हय?" सोजराबाईंनी तिचं बोलणं तिथंच खुडलं. त्या शेतात वेचणीच्या बायांना बोलू देत नसत, तिथं ही कोण?

लॅबच्या बाकावर बसून आप्पांनी भाकरी आणि मेथी खाल्ली. साडेआठला शेवटचा घास. म्हणजे साडेदहा. पण लॅबमध्ये दोन तास माश्या मारत बसण्यापेक्षा भाची ललिता जवळच राहते, तिच्याकडे टेकावं, असं सोजराबाईंनी ठरवलं. इथंच गाडं घसरलं. लग्नघरातली माणसं दारात आलीत आणि भाचीनं ती तशीच जाऊ दिलीत, असं शिरूरच काय, दौंड तालुक्यातसुद्धा कधी झालेलं नाही.

"मामी, केळवण राहिलंय तुमचं! पुरण कालच शिजवलंय."

"अगं, ह्यांची साखरंची तपासनी हाय. काय चालत न्हाई."

"साखर घातलीय कोणी? गुळाचं आहे ते," ललिता म्हणाली आणि तवा ठेवला.

सोजराबाई वाद घालायला उठल्या, तोवर आप्पा पाटावर बसलेही होते. त्यांना माणसं ओळखू येत नसत, पण पोळीवर तूप कुठपर्यंत आलंय ते बरोबर दिसे. केळवणाला बाईनं नुसतं बघत बसायचं नसतं, म्हणून सोजराबाईंनीही तीन पोळ्या खाल्ल्या आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या. वाढता वाढता ललिता शिरूरच्या बातम्या सांगत होती. वेशीजवळच्या रोहिदासची आई गेली, कळलं का? सोजराबाईंच्या तोंडात घास होता. त्यांनी नुसती मान हलवली.

शेवटचा घास दहा वाजून वीस मिनिटांनी. म्हणजे बारा वीस.

"आता कुनाच्या दारात जायाचं न्हाई," सोजराबाईंनी जाहीर केलं आणि आप्पांना एसटी स्टँडवर आणून खांबाशी बसवलं. तिथं कोण विचारतंय? दीड तास सुखात गेला. पावणेबाराला समोरून पत्रिकांची पिशवी घेऊन सोपानराव आले.

"अरे, पाव्हणं! तुमी हितं?"

सोजराबाईंनी लॅबची चिठ्ठी पदराआड सारली. कारण बैठकीत सोपानरावांच्या आईनं, धुरपदाबाईंनी, तोंडावर विचारलं होतं, "घरात कुनाला साखर न्हाई ना? लेकराबाळांत उतरती म्हनं." आणि सोजराबाईंनी छाती पुढं काढून सांगितलं होतं, "आमच्या सात पिढ्यांत न्हाई." आता व्याह्यासमोर तपासणीचं नाव काढणं म्हणजे ठरलेल्या लग्नाला आपणच नख लावणं.

"साड्या बघाया आलो हुतो," त्या म्हणाल्या.

"मग चला, तोंड गोड करू."

"आज न्हाई जमायचं. ह्यांचा उपास हाय."

"मंगळवारचा?"

"व्हय."

"आज बुधवार हाय, ताई."

"तेच म्हनतो मी," आप्पा उठत म्हणाले, "उपास कालच सुटला."

हॉटेलात सोपानरावांनी दोन दोन गुलाबजाम मागवले, ते संपल्यावर आग्रहानं पुन्हा दोन दोन, आणि बाहेर आल्यावर उसाचा रस. सोजराबाई टेबलाखालून आप्पांच्या पायावर पाय देत होत्या. आप्पांना वाटलं, जागा कमी आहे. त्यांनी पाय आखडून घेतले आणि पाक प्यायला वाटी तोंडाला लावली.

सव्वाबारा. म्हणजे सव्वादोन.

आता मात्र सोजराबाई डोकं धरून विचार करायला लागल्या. देवळात जावं तर प्रसाद. कचेरीत जावं तर कुणाची तरी बढती आणि पेढे. अख्ख्या शिरूरात जिथं माणसाला कुणी खायला घालणार नाही असं घर कुठलं? आणि त्यांना रोहिदासची आई आठवली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, आग्रह होत नाही, दोन तास भिंतीला टेकून बसावं आणि उठावं. मयत बाईला त्या उभ्या आयुष्यात दोनदा भेटल्या होत्या, त्यातही एकदा भांडल्या होत्या. पण नवऱ्याच्या डोळ्यासाठी माणूस काय करत नाही?

रोहिदासच्या बोळाच्या तोंडाशीच त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं माझे बाईऽऽ, न सांगता कशी गेलीस गंऽऽ!" असा हंबरडा फोडत त्या अंगणात शिरल्या आणि गपकन थांबल्या. अंगणात मांडव होता. पंगत बसली होती. आचारी बुंदीची परात घेऊन फिरत होता आणि बाया हसत एकमेकींच्या साड्यांचे काठ बघत होत्या.

रोहिदासनं लगबगीनं येऊन त्यांना धरलं. "मावशी, रडू नका आता. आज तेरावं हाय. आज गोड जेवायचं. आई तुमची लई आठवण काढायची."

"माझी?"

"म्हनायची, तुमच्यावानी भांडनारी पुन्हा भेटली न्हाई."

तोंड गोड केल्याशिवाय तेराव्यावरून उठलं, तर त्या घरात पुन्हा मयत होते म्हणतात. हे पाप कोण घेणार? आप्पांना पंगतीत बसा म्हणायची गरजच नव्हती. त्यांच्या पानात तोवर बुंदी दुसऱ्यांदा पडली होती. पाप नको म्हणून सोजराबाईही शेजारी बसल्या.

दीड. म्हणजे साडेतीन. चारला अर्धा तास उरत होता.

"आता लॅबच्या बाकावरनं हलायचं न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. पदराचं टोक त्यांनी आप्पांच्या मनगटाला बांधलं, एकदा त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, तिसरी पाण्याची बाटली संपवली आणि भिंतीला डोकं टेकलं. डोळा कधी लागला ते कळलं नाही. जाग आली तेव्हा भिंतीवर तीन पंचवीस झाले होते आणि शेजारी काहीतरी चावल्याचा आवाज येत होता.

"अवो! तोंडात काय हाय?"

आप्पांनी गिळलं. "ललितानं बांधून दिली हुती एक पोळी. खिशात मऊ पडली असती."

सोजराबाईंनी फरशीवर बसून गळा काढला. पंचाहत्तर किलोची बाई रडताना करिश्मानं पहिल्यांदाच बघितली. "गेली तारीक! आता लग्नात आचाऱ्याच्या पाया पडतील हे! पोरीचं हसं हुईल गंऽऽ!"

"आजी, उठा. रिपोर्ट गेला दौंडला."

"कुठला रिपोर्ट?"

"सकाळच्या रक्ताचा. उपाशीपोटीची अठ्ठ्याण्णव आली. आणि तिसरी तपासणी, एचबीएवनसी. तिला उपाशी लागत नाही, जेवून लागत नाही. गेल्या तीन महिन्यांची साखर कळते त्यात. आप्पांची पाच पूर्णांक पाच आहे, एकदम झकास. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर भागतंय, उद्या आणा."

"मग सकाळीच सांगायला काय झालं हुतं तुला?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

सोजराबाईंनी डोळे पुसले. क्षणात त्यांचा आवाज जागेवर आला. "झकास असनारच. आमच्या सात पिढ्यांत न्हाई साखर. आत्ता तेराव्याची बुंदी खाऊन आलेय, तरी घे, माझं बोट घे. बघ तुझं मशीन खरं बोलतंय का."

करिश्मानं बोट टोचलं, मशीनकडे बघितलं, सोजराबाईंच्या रिकाम्या बाटल्यांकडे बघितलं आणि हातातून नीट नळीभर रक्त काढून घेतलं. "आत्ताची तीनशे बारा. ती बुंदीची म्हणू आपण," ती म्हणाली.

सोजराबाईंची तीन महिन्यांची दुसऱ्या दिवशी कळली. आठ पूर्णांक नऊ. ती बुंदीची म्हणता येईना.

लग्नाच्या दिवशी आप्पा काळा चष्मा लावून ताठ उभे होते. त्यांनी सोपानरावांना बरोबर ओळखलं, टोपी बरोबर त्यांच्याच डोक्यावर घातली आणि मांडवात टाळ्या पडल्या. कुणीतरी दोन शब्द बोला म्हणून त्यांच्या हातात माइक दिला. आप्पांनी चष्मा काढला, भरल्या मांडवावरून नजर फिरवली, आणि ती पार टोकाला, आचाऱ्याच्या कढईपाशी जाऊन थांबली.

"सोजरा!" कर्ण्यांतून चहूकडं आवाज घुमला. "ती जिलबी खाली ठेव! डॉक्टरनं काय सांगितलंय?"

सगळा मांडव वळला. शेजारच्या खुर्चीवरच्या धुरपदाबाईंचे डोळे बारीक झाले. "का वो इहीणबाई? साखर हाय व्हय तुमाला?"

"छे वो," सोजराबाई हसल्या. "आमचं हे पहिल्यापासनं चेष्टेखोर."

आणि पदराआडची जिलबी त्यांनी न बघताच शेजारी उभ्या माणसाच्या हातावर ठेवली. तो फोटोवाला होता. या घरचा दुसरा मानही त्यानं मुकाट्यानं घेतला.