सोपाननानांचा बीच

सोपाननानांना राम राम घातला तर ते उलट राम राम घालत नसत. एक डोळा बारीक करून विचारत, "भरती का ओहोटी?"

आता आमचं गाव नेकनूरपासून हाकेच्या अंतरावर. हाक तेवढी मोठी पाहिजे. आणि समुद्र आमच्यापासून इतका लांब, की आमच्याकडं येईपर्यंत मीठसुद्धा अळणी होतं. अशा गावात पारावर तंबाखू मळत बसलेल्या माणसाला कुणी सकाळी सकाळी भरती-ओहोटी विचारली, तर त्यानं काय सांगावं? आधी लोक गोंधळले, मग त्यांना सवय झाली. म्हशीनं दूध कमी दिलं की ओहोटी, जावई मुक्कामाला आला की भरती. दूध सोसायटीच्या सभेत मी नफा-तोट्याचा अहवाल वाचायला उभा राहिलो, तर मागून नानांचा आवाज आला, "शेकट्री, कागद ऱ्हाऊ दे. भरती का ओहोटी तेवढं सांग." मी त्या सोसायटीचा सचिव. इतका नेमका प्रश्न आम्हाला ऑडिटरनंही कधी विचारला नव्हता. मी खाली बसलो.

नाना आणि कौसाकाकू हे ऊसतोडीचं जोडपं. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरनं ट्रकपर्यंत न्यायच्या. एका हंगामात नाना ट्रकच्या फळीवरून घसरले आणि कंबर घेऊन बसले. मग काकू आपल्या भावाच्या जोडीनं जायला लागल्या आणि नाना गावात उरले. दसरा झाला की आमचं गाव असं रिकामं होतं, की कुत्री एकमेकांची विचारपूस करतात. तब्येत विचारली की नाना म्हणायचे, "अर्धा कोयता हाय मी. तोडतो कसला, गंजतो."

गंजत बसणारा माणूस मात्र तो नव्हता. गावचा तलाव झाला तेव्हा नानांची सगळी काळी जमीन पाण्याखाली गेली आणि मधोमध एक खडकाळ टेकाड तेवढं वर राहिलं. त्यावर गवतसुद्धा परवानगी काढून उगवायचं. काकूंचा ट्रक फुफाटा उडवत दिसेनासा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी नानांनी खाट, तवा आणि शेळी गुळाच्या जुन्या काहिलीत घातली, स्वतः मधे बसले, आणि घमेल्यानं पाणी मारत टेकाडावर राहायला गेले. त्या दिवसापासून टेकाडाचं बेट झालं.

मी काठावरून ओरडून विचारलं, "नाना, तिथं कशापायी?"

"बीच टाकायचाय," नाना काहिलीतून ओरडले.

मला वाटलं, बी-बियाणाचं दुकान. म्हटलं, बरं आहे, माणूस धंद्याला लागला. शेळी मात्र पहिल्यापासून शंकेखोर नजरेनं बघत होती.

बीचला वाळू लागते. ती आणायला नाना गेवराईला, गोदावरीच्या काठी गेले आणि खताच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून एसटी स्टँडवर येऊन बसले. गेवराईत वाळू म्हटलं की झोपलेला पोलीस उठतो. एक हवालदार आला. बोलणं दखनी, मिशी इस्त्री केलेली. त्यानं गोणीवर काठी आपटून विचारलं, "क्या है इसमें?"

"बीच," नाना म्हणाले.

"किसके बीच?"

"पाण्याच्या."

"पानी के बीच क्या?"

"मी ऱ्हातो की."

हवालदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग त्यानं स्वतः गोणी उचलून एसटीत ठेवली आणि कंडक्टरला सांगितलं, की चाचाला नीट घरी पोचव, रस्त्यात कुठं उतरू देऊ नकोस. नाना आजही सांगतात, गेवराईचं पोलीस खातं धंद्याला लई मदत करतं.

यथावकाश माल जमला. ट्रकच्या टायरमधल्या ट्यूबा जमल्या. बुडालेल्या एका पतसंस्थेच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. त्या संस्थेच्या मालात पाण्यात तरंगणारं तेवढंच होतं. बँडवाल्याकडनं नवरदेवाच्या घोड्यावर धरायची झालरीची छत्री आली. आणि एक लाकडी आरामखुर्ची. ती नानांनी सुताराला हातवारे करून, मातीत चित्रं काढून, शेवटी स्वतः जमिनीवर आडवं पडून दाखवून करून घेतली. पट्ट्यापट्ट्याचं कापड, मागं रेललं की पाय आपोआप वर. अशी वस्तू आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिली नव्हती.

मी उद्घाटनाला गेलो आणि साहजिकच तिच्यात बसायला वाकलो. नानांनी माझा शर्ट मागून धरला.

"ती सोडून कुठं बी बस. ती बुक हाय."

बेटावर मी, नाना आणि शेळी. पाण्यात एक बगळा. मी बगळ्याकडं बघितलं. मला काही उमगेना.

आता हा धंदा एकट्यानं करणं नानांना पटेना. आमच्या जिल्ह्यात दोन माणसं एका झाडाखाली बसली, की तिसरा सोसायटीचा फॉर्म घेऊन येतो. इथं तो तिसरा मीच होतो. मी 'बीच सहकारी संस्था' असा अर्ज लिहून दिला. तालुक्याच्या ऑफिसातला क्लार्क भाषेचा कडवा. म्हणाला, हिंदी चालणार नाही, मराठी शब्द द्या. आम्ही काही बोलायच्या आत त्यानंच बीच खोडून 'मध्य' केलं. आम्ही तो कागद नेकनूरच्या पेंटरला दिला. पेंटरच्या डोक्यात जे असायचं तेच त्याच्या ब्रशातून उतरायचं. इतिहासात 'ध'चा 'मा' झाला आणि पेशवा गेला. आमच्याकडं 'ध'चा 'द' झाला आणि अख्खा तालुका आला.

काठावर पाटी लागली, 'सोपाननाना मद्य सहकारी संस्था मर्यादित'. खाली बारीक अक्षरात, 'सभासदांना बसण्याची उत्तम सोय'.

त्या रविवारी घाटनांदूरपासून माणसं आली. सहकाराबद्दल एवढं प्रेम मी आयुष्यात पाहिलं नाही. ज्यांनी दूध सोसायटीचा शेअर घ्यायला मला वर्षानुवर्षं पळवलं, ते गुडघाभर पाण्यातनं धोतर वर धरून सभासद व्हायला येत होते. नाना हरखले. एकेकाला खुर्ची दिली, ट्यूब दिली. माणसं बसली. बराच वेळ बसली. एकानं हळूच विचारलं, कधी देताय? नाना म्हणाले, दिलंय की, बघा की समोर, किती हाय. माणूस तलावाकडं बघून म्हणाला, पाणी दिसतंय, बाकीचं? नाना म्हणाले, बाकीचं काय लागतंय, ह्येच्यातच मजा हाय, निस्तं पाय सोडून बसा. दुसऱ्यानं शेजारच्याच्या कानात सांगितलं, की इथं नियम कडक दिसतात, आधी पाण्यात पाय घालून दाखवावे लागतात. झालं. सगळ्यांनी पाय घातले. सूर्य कलला तरी तालुका पाण्यात पाय घालून निमूट वाट बघत होता. चौकशीला आलेला पोलीससुद्धा कुणाला धरावं ते न कळून बूट काढून बसला.

जाताना प्रत्येकाचा चेहरा गोंधळलेला होता, पण एक खरं, बरं वाटलं सगळ्यांनाच. काही जण पुढच्या रविवारी परत आले. पाटी दुरुस्त केली तरी आले. त्या गर्दीतही आरामखुर्ची रिकामीच होती. जो वाकेल त्याचा शर्ट नाना धरायचे. "बुक हाय."

त्या वर्षी पाऊस आला होता तो फक्त पंचांगात. तलावाला ओहोटी लागली ती थांबेचना. काठ रोज सरकायचा आणि नाना रोज आरामखुर्ची उचलून पाण्याच्या मागं न्यायचे. दुखऱ्या कंबरेनं, कुणाला हात लावू न देता. मी विचारलं, तर एवढंच म्हणाले, "पाडव्यापतोर पानी टिकलं पायजे, शेकट्री. मग आटंना का." मला वाटलं, गुढीपाडव्याला कुणीतरी मोठं गिऱ्हाईक येणार. गुरं पाण्यावर यायची, त्यांना नानांनी कधी अडवलं नाही. फक्त सांगायचे, "प्या, पर लाटा करू नका."

माघात चिखल उघडा पडला आणि बेटाचं परत टेकाड झालं. लोक चालत येऊ लागले. नानांना ते मान्य नव्हतं. बेटावर यायचं तर रीतीनं या, म्हणायचे. मग आम्ही ट्यूब कमरेला अडकवून कोरड्या चिखलातनं हात मारत जायचो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, गावाच्या डोक्यात दुष्काळ भिनला.

अशात साखर कारखान्याचे चेअरमन दुष्काळ पाहणीला आले. पांढरेशुभ्र कपडे, मागं गाड्या, गाड्यांच्या मागं धूळ, धुळीच्या मागं आम्ही. नानांनी हात जोडून एकच मागणं केलं, पाडव्यापर्यंत तलावात पाणी राहील असं करा. चेअरमन म्हणाले, त्यात काय, वरच्या तलावाचं थोडं सोडायला सांगतो. आणि फोटोवाल्याला खूण करून ते आरामखुर्चीकडं वळले.

नाना आडवे झाले. "मालक, ती बुक हाय."

चेअरमन हसून म्हणाले, "माझ्यापेक्षा मोठं कोण गिऱ्हाईक आहे तुझं?"

"हाय एक. उसात गेलंय."

चेअरमनना वाटलं, बाहेरच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या कारखान्याचा चेअरमन. त्यांचा चेहरा उतरला. गाड्या वळल्या, धूळ वळली. वरच्या तलावात तेव्हा बेडूकसुद्धा पायी फिरत होते, हे आम्हाला मागाहून कळलं. पण त्या दिवशी मी नानांना फार बोललो. एका खुर्चीपायी हातातलं पाणी घालवलंत, म्हटलं. नाना खाली मान घालून ऐकत राहिले. मग खुर्चीवरची धूळ पुसली आणि ती चार हात पुढं सरकवली, पाणी होतं तिथं.

पाडवा आला तेव्हा तलावात खळ्याएवढं डबकं उरलं होतं. नानांनी त्याच्या काठाला गोणीतली गेवराईची वाळू ओतली, हातानं सारखी केली, वर खुर्ची मांडली. नवी बंडी घातली आणि कमरेला ट्यूब अडकवून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बघू या तरी हा दुसरा चेअरमन.

सकाळची उन्हं चढता चढता ऊसतोडीचा ट्रक आला. भांडी, कोंबड्या, गाठोडी, माणसं. वरून कौसाकाकू उतरल्या. चेहरा उसाच्या पाचटासारखा वाळलेला, हाताला फडकी बांधलेली. नवऱ्याच्या कमरेची ट्यूब बघून त्या म्हणाल्या, "आवं, ह्ये काय नेसलंय?"

नाना पुढं चालू लागले. काकू मागं, मी त्यांच्या मागं. डबक्यापाशी आलो. काकूंनी वाळू बघितली, झालरीची छत्री बघितली, खुर्चीभोवती एक फेरी मारली. आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"शेकट्री, ह्ये येडं हाय बगा. आमी दोगं जोडीनं जायचो त्या वक्ताला, हंगाम सपून पट्टा पडल्यावर मुकादमानं समुद्र दावाया नेलतं. वाळूत हुबेहूब अशी खुर्ची. मोकळीच दिसली म्हनून मी टेकले. टेकते न टेकते तोवर एक पोरगं आलं, म्हनलं, उठा मावशी, किरायाची हाय. उठले. आता त्यात काय यवडं? मी तर इसरून बी गेलते."

नाना शेळीकडं बघत होते. शेळी सगळं माहीत असल्यासारखी रवंथ करत होती.

काकूंनी खुर्चीच्या कापडावरनं हात फिरवला. मग एकदम आवाज खाली आणून विचारलं, "बसू का? कुनी उठवाया न्हाई ना येनार?"

नानांनी माझ्याकडं बघितलं, जणू ते समुद्रावरचं पोरगं मीच. मी गुमान मागं सरकलो.

काकू बसल्या. आधी काठावर, उठायच्या तयारीनं. मग जरा मागं. मग खुर्चीनं आपलं काम केलं आणि पाय आपोआप वर आले. नानांनी ते दोन्ही हातांनी धरून खाली पाण्यात सोडले. पाणी घोट्याच्याही खालीच होतं.

मी टेकाडावरच्या नानांच्या खोपटात जाऊन शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. तीन कप घेऊन परत येताना मला राहवेना. माझा आवाज मुळातच सभेचा. लांबूनच ओरडून विचारलं, "काय नाना, भरती का ओहोटी?"

नाना छत्री धरून खुर्चीमागं उभे होते. सावली सरकेल तसे तेही सरकत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे वटारले.

"हळू बोल बे, शेकट्री. गिऱ्हाईक झोपलंय."